बाळंतिणीचं भूत

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. हे ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि भुताखेतांची माहिती गोळा करत होते, हे मात्र धड्यात येत नाही. मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी प्रश्नांची उत्तरं मागवली होती. गावात कुठली भुतं आहेत, ती कुणाला धरतात, कशानं सोडतात, वगैरे. जॅक्सन गेले, कागद राहिले. पुढे आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं ते लावून दोन भागांत छापले, गुजरातचा १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली.

कोकणचा भाग आज चाळताना भीती फारशी वाटत नाही. नवल वाटतं ते भुतांच्या जगातल्या शिस्तीचं. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेला, तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. विद्येत किंवा पैशात जीव अडकलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. पाण्यात बुडालेल्याचा गिऱ्हा होतो आणि या सगळ्यांवर राज्य वेताळाचं. कोण होता, कुठल्या वयात गेला, कसा गेला, यावरून प्रत्येकाची जागा ठरते. जातसुद्धा मेल्यावर सुटत नाही. नातवंडांच्या हातून पाणी पिऊन, पिकल्या वयात अंथरुणावर गेलेला म्हातारा सहसा भूत होत नाही. ज्यांचं काही अर्ध्यावर तुटलं, त्यांचीच या यादीत भरती.

या यादीतली एकच नोंद धरून मला पुढे जायचं आहे. बाळंतपणात, किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेलेली बाई. तिला कुठे हडळ म्हणतात, कुठे अळवंत, कुठे जखीण. नावांच्या हद्दी गावागणिक बदलतात. एका गावची जखीण ही सवाष्ण असते आणि प्रसन्न झाली तर घराचं भलंही करते, तर शेजारच्या गावात तिच्या नावानं पोरं झोपतात. वर्णन मात्र थोड्याफार फरकानं एकच: केस मोकळे, पावलं उलटी, समोरून देखणी आणि पाठीमागून नुसता सांगाडा.

ही बाई फक्त आपलीच असती तर ती कोकणच्या दमट हवेचा आणि रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यांचा खेळ म्हणून सोडून देता आली असती. पण जिचा आपल्याशी कधी काही संबंध आला नाही अशा मुलखांतही ती आहे, आणि तिथेही ती बाळंतपणातच मेलेली आहे.

मलायात ती लांगसुइर किंवा पोंतियानाक. वॉल्टर स्कीट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९०० साली मलाय जादूटोण्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात तिचा बंदोबस्त कसा करायचा हे तपशीलवार दिलं आहे. बाळंतीण मेली की तिच्या तोंडात काचेचे मणी भरायचे, दोन्ही काखांत एकेक कोंबडीचं अंडं ठेवायचं आणि तळहातांत सुया टोचायच्या. मणी असले की तिला किंकाळी फोडता येत नाही. अंडी पडतील म्हणून हात पंखांसारखे हलवता येत नाहीत, आणि सुयांमुळे मूठ वळत नाही. एवढं करूनही ती सुटलीच, तर हिरव्या वस्त्रात, घोट्यापर्यंत केस सोडून झाडावर बसते. मानेमागे तिला एक भोक असतं, त्यातून ती लहान मुलांचं रक्त शोषते. तिला पकडून नखं आणि केस कापावेत आणि ते केस त्या भोकात कोंबावेत, म्हणजे ती माणसासारखी होते. लग्न करते, मुलं वाढवते, वर्षानुवर्षं नांदते. मग एके दिवशी गावच्या जत्रेत तिला नाचू देतात आणि ती नाचता नाचता पुन्हा उडून रानात जाते.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. केस आणि नखं कापलेली, तोंड बंद केलेली बाई संसाराला चालते. नाचू दिलं की गेली हातची.

इंडोनेशियात बोर्निओ बेटावर विषुववृत्ताला लागून एक मोठं शहर या भुताच्या नावानं नांदतं आहे, पोंतियानाक. १७७१ साली सैयद शरीफ अब्दुररहमान अल्काद्री यांनी ते वसवलं. कापुआस नदीच्या संगमावरच्या जंगलात पोंतियानाकांचा सुळसुळाट होता आणि तोफा डागून त्यांना पळवून लावल्यावर मुक्काम पडला, अशी दंतकथा आहे. आजही रमजान ईदच्या सुमारास तिथे नदीच्या दोन्ही काठांवर लाकडाच्या भल्यामोठ्या तोफा उडवतात. १९५७ साली सिंगापूरच्या एका चित्रपट कंपनीनं ‘पोंतियानाक’ नावाचा मलाय सिनेमा काढला. त्याचे दिग्दर्शक बी. एन. राव आपल्या केरळातून तिकडे गेलेले होते. सिनेमा तुफान चालला आणि त्यातून भुतांच्या सिनेमांची एक रांगच लागली.

आता समुद्र ओलांडून मेक्सिकोत जाऊ. स्पॅनिश लोक पोचण्याआधी अॅझ्टेक लोकांचं राज्य होतं तिथे. त्यांच्याकडे बाळंतपण म्हणजे लढाई. बाळ बाहेर आलं की सुईण रणात देतात तशी आरोळी ठोकायची, कारण बाईनं एक कैदी पकडून आणला. आणि जी या लढाईत पडली तिला वीराचा मान. रणात पडलेले योद्धे सूर्याला उगवतीपासून माथ्यापर्यंत पोचवतात आणि बाळंतपणात गेलेल्या बायका त्याला माथ्यापासून मावळतीपर्यंत उतरवून नेतात, अशी त्यांची समजूत होती. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्यानं स्थानिक म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ही सगळी माहिती लिहून घेतली, म्हणून आपल्याला ती कळते.

तिच्या अंत्ययात्रेचं वर्णन वाचण्यासारखं आहे. संध्याकाळी, सूर्य कलताना प्रेत निघायचं. सोबत म्हाताऱ्या सुइणी ढाली घेऊन, रणगर्जना करत चालायच्या. हा देखावा नव्हता, कारण वाटेत तरुण सैनिक खरोखरच प्रेत हिसकावून घ्यायला टपलेले असायचे. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस ढालीत ठेवले तर शत्रू आंधळा होतो आणि आपल्याला बळ येतं, असा त्यांचा विश्वास. चोरांना तिचा डावा हातच हवा असायचा. तो घेऊन घरात शिरलं की घरातली माणसं जागच्या जागी गुंगून पडतात म्हणे. म्हणून पुरल्यानंतर नवरा चार रात्री थडग्याची राखण करायचा. एवढ्या मानाच्या या बाया त्यांच्या पंचांगातल्या ठरावीक पाच दिवशी मात्र आभाळातून खाली उतरायच्या, चव्हाट्यावर थांबायच्या आणि लहान मुलांना झपाटायच्या. मुलाचं तोंड वाकडं व्हायचं, अंगाला झटके यायचे. त्या दिवशी आया पोरांना घराबाहेर सोडत नसत, आणि चव्हाट्यावर त्यांच्यासाठी भाकऱ्यांचा नैवेद्य ठेवत.

चव्हाटा, नैवेद्य, लहान मुलांवरची नजर. आपल्या गावातल्या कुठल्याही आजीला हे सांगितलं तर ती मान डोलावेल. आपल्या आणि अॅझ्टेकांच्या मध्ये एक अख्खा महासागर आहे. गोष्ट एकमेकांकडून उचलली असणं शक्यच नाही. मग दोघांनी स्वतंत्रपणे तेच भूत कसं काय रचलं?

सरळ उत्तर असं की दोघांनी तोच मृत्यू पाहिला होता, आणि पुन्हा पुन्हा पाहिला होता. स्वीडनमध्ये मातामृत्यूंची नोंद अठराव्या शतकाच्या मध्यापासून आहे. तेव्हा तिथे दर एक लाख जन्मांमागे सुमारे ९०० आया दगावत होत्या. ज्या मुलखात एकेका बाईला सात-आठ बाळंतपणं होत, तिथे हा आकडा दर खेपेला नव्यानं लागू होतो. म्हणजे गावातल्या प्रत्येकाला अशी एक तरी बाई माहीत असणार. कालपर्यंत विहिरीवर पाणी भरणारी, विशी-पंचविशीतली, धडधाकट. म्हातारपणाचा किंवा जुन्या दुखण्याचा मृत्यू समजून घेता येतो, हा येत नाही.

आणि तो यायचाही कसा? जास्त रक्तस्राव झाला तर तासाभरात पांढरीफटक पडून. रक्तदाब चढून झटके आले तर डोळे फिरवून, दातखीळ बसून, तोंडाला फेस येऊन. बघणाऱ्याला हे कुणीतरी ‘धरल्या’सारखंच दिसणार, दुसरं काय दिसणार? तिसरा प्रकार सूतिकाज्वराचा. बाळंतपण सुखरूप होतं, पेढे वाटले जातात आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, पोट फुगतं, बाई बरळायला लागते आणि संपते. हा ताप गाठतो तो साधारण पहिल्या दहा दिवसांत.

कोकणातल्या मास्तरांनी लिहून पाठवलेली मुदत तीच आहे, दहा दिवस. आपल्याकडे वृद्धीचं सोयरही दहा दिवसांचं. हे दोन हिशेब एकाच अनुभवातून निघाले असावेत असं मला वाटतं, सिद्ध मात्र करता येणार नाही. तसंच पाचवी-सहावीचं. बाळ सहा दिवसांचं झालं की सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळ-बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, उशाशी विळा किंवा कोयता ठेवायचा. अस्वच्छ हत्यारानं नाळ कापल्यावर होणारा नवजात बाळाचा धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्याच्या शेवटी डोकं वर काढतो. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर त्याला ‘आठ दिवसांचा आजार’ म्हणत. ज्या कोयत्यानं नाळ कापली तोच पुढे उशाशी राखणदार म्हणून बसत असेल, तर या योगायोगाला काय म्हणावं!

पुढारलेल्या युरोपात याहून फार वेगळं चाललं होतं असं नाही. व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. १८४० च्या दशकात पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाया मरत, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. शहरात हे इतकं माहीत झालं होतं की पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून बाया गुडघे टेकून विनवण्या करत. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी एकेक कारण तपासून बाद केलं. त्यात एक कारण भीतीचं होतं. मरणाऱ्या बाईला अंतिम संस्कार द्यायला पाद्री यायचा तो पहिल्या विभागातून, पुढे घंटा वाजवणारा माणूस घेऊन. त्या घंटेच्या धसक्यानंच बाकीच्या बाया मरत असतील का? सेमेलवाइसनी पाद्र्याला दुसऱ्या वाटेनं, घंटा न वाजवता यायला लावलं. मृत्यू तेवढेच राहिले. १८४७ साली त्यांच्या ध्यानात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतिणी तपासतात. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायची सक्ती केली आणि मृत्यू झरझर उतरले. सहकाऱ्यांनी मात्र त्यांना हसण्यावारी नेलं. आपल्याच हातांनी आपण बाया मारतो आहोत हे कबूल करणं कुणालाच सोपं नसतं. भुतावर ढकलणं त्या मानानं फार सोपं.

मला या सगळ्या कथांच्या मुळाशी हेच दिसतं. बाळंतिणीच्या भुताची भीती ही निम्मी अपराधाची जाणीव आहे. उत्तर भारतात या भुताला चुडैल म्हणतात. विल्यम क्रूक यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की ती आधी आपल्याच माणसांवर उलटते. जिची सासरी आबाळ झाली, जिला गरोदरपणात धड खायला मिळालं नाही, जिच्यासाठी सुईण वेळेवर बोलावली नाही, ती परत येणारच, ही भीती सासरच्यांना नसली तरच नवल. मग स्मशानातून परतताना वाटेवर मोहरी टाकायची. भुताला म्हणे प्रत्येक दाणा वेचल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि वेचता वेचता उजाडतं. हीच युक्ती पूर्व युरोपात रक्तपिपासू पिशाच्चांसाठी खसखस टाकून आणि कॅरिबियन बेटांवर तांदूळ टाकून करतात. जगभरची भुतं मोजणीच्या बाबतीत इतकी काटेकोर का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. कदाचित कारकुनांनी छळलेल्या माणसांनी भुतांवर घेतलेला हा सूड असेल.

भुताला असं सुयांनी, मोहरीनं अडवणं ही एक रीत झाली. जगात दुसरीही एक रीत आहे आणि तिच्याविषयी कमी बोललं जातं.

जपानमध्ये या बाईचं नाव उबुमे. बाराव्या शतकातल्या ‘कोंजाकु मोनोगातारी’ या प्रचंड कथासंग्रहात तिची गोष्ट आहे. सुएताके नावाचा सामुराई पैजेवर रात्री नदी ओलांडतो. पात्राच्या मध्यावर एक बाई बाळ पुढे करून म्हणते, हे जरा धर. तो बाळ घेतो, परत मागितलं तरी देत नाही, आणि मुक्कामी येऊन बाही उघडतो तर आत नुसता पाला. नंतरच्या कथांत ते बाळ हातात घेतलं की जड होत जातं, दगडासारखं. जो ओझं टाकून पळत नाही, त्याला ती आशीर्वाद देते. म्हणजे ती रक्त प्यायला आलेली नसते. तिला फक्त थोडा वेळ बाळ धरायला कुणीतरी हवं असतं.

जपानचीच दुसरी गोष्ट याहून हळवी आहे. रोज रात्री दुकान बंद होता होता एक फिकट चेहऱ्याची बाई येते आणि एका नाण्याची साखरगोळी घेऊन जाते. सहा रात्री ती येते. वैतरणीसारखी एक नदी त्यांच्याकडेही आहे, आणि ती ओलांडायला प्रेतासोबत सहा नाणी देण्याची रीत होती. सातव्या रात्री तिच्याकडे नाणं नसतं, ती अंगावरचं वस्त्र देऊ करते. दुकानदाराला शंका येते, तो मागोमाग जातो. ती कबरस्तानात नाहीशी होते आणि जमिनीखालून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं. उकरल्यावर मेलेल्या आईच्या कुशीत साखरगोळी चोखणारं जिवंत मूल सापडतं. आपला परलोकाचा प्रवासखर्च तिनं बाळाच्या पोटात घातला होता. याच्याशी जुळणारी गोष्ट चीनमध्ये हुंग माई यांच्या बाराव्या शतकातल्या संग्रहात आहे. लॅफकॅडिओ हर्न यांनी १८९४ साली मात्सुए गावची गोष्ट इंग्रजी वाचकांना सांगितली, आणि क्योतोतलं एक दुकान आजही आपल्या गोळ्या ‘भुतानं मूल वाढवलेल्या गोळ्या’ म्हणून विकतं. किमोनोतली ती बाई ज्या बाजूला गेली असं सांगतात, त्या जुन्या दहनभूमीच्या वाटेवरच ते दुकान आहे.

जपानी धर्मग्रंथ मात्र या बाईशी इतके प्रेमानं वागले नाहीत. बाळंतपणाच्या रक्तानं धरती विटाळते म्हणून बायकांसाठी रक्ताच्या तळ्याचा एक वेगळा नरक आहे, असं सांगणारं एक सूत्र चीनमधून तिकडे आलं आणि खूप पसरलं. पण गावातल्या लोकांनी त्यावर आपला उपाय काढला. ओढ्याच्या काठी चार काठ्या रोवायच्या, त्यांच्यामध्ये कापड ताणून बांधायचं, बाजूला एक पळी ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं ओढ्यातलं पाणी पळीनं त्या कापडावर ओतायचं. कापडाचा रंग विटला, ते जीर्ण होऊन फाटलं, की बाई सुटली. एकट्या नवऱ्यानं किंवा पुरोहितानं हे काम होण्यासारखं नव्हतं. तिला कधीही न पाहिलेल्या वाटसरूंनी थोडं थोडं पाणी घालायचं होतं.

तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला जुने दगड दिसतात. दोन उभे, त्यांच्यावर एक आडवा, साधारण खांद्याच्या उंचीचा. त्याला सुमैताङ्गी कल म्हणतात, ओझं पेलणारा दगड. पोटात मूल असताना जी बाई गेली तिच्या स्मरणार्थ घरचे लोक तो उभारायचे. डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या माणसाला, खाली न वाकता आणि कुणाची मदत न घेता, त्यावर ओझं टेकवून घडीभर विसावता यायचं. तिला आपलं ओझं उतरवता आलं नाही, म्हणून दुसऱ्यांचं उतरावं. तोंडात मणी कोंबणारी आणि वाटेवर दगड उभारणारी, दोन्ही माणसं त्याच एका मृत्यूला सामोरी जात होती.

बँकॉकमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच बाईच्या वाट्याला आले. फ्रा खनोंग कालव्याकाठची नाक. नवरा माक लढाईवर गेला आणि इकडे ती बाळंतपणात बाळासकट मेली. तो परतला तेव्हा घरात बायको-मूल दोघंही हजर. शेजारी सांगायला जात ते मरत. एके दिवशी पाट्यावरचं लिंबू घराच्या फळ्यांच्या फटीतून खाली पडलं आणि तिनं माडीवरूनच हात लांब करत जमिनीवरून ते उचललं. माकनं ते पाहिलं आणि पळाला. तिला मातीच्या मडक्यात कोंडलं, ती सुटली, शेवटी सोमदेत तो नावाच्या थोर भिक्खूनं तिच्या कपाळाचं हाड काढून कमरेला बांधलं, अशी कथा आहे. याची एक रोखठोक आवृत्तीही आहे. १८९९ साली कुलाप नावाच्या पत्रकारानं लिहिलं की नाक ही तिथल्या गावप्रमुखाची मुलगी. ती मेल्यावर तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न करू नये आणि वारशात वाटेकरी येऊ नये म्हणून तिच्या मुलानंच बाईचे कपडे घालून होड्यांवर दगड मारले आणि भुताची हूल उठवली. गावाकडच्या जमिनीच्या वादांत उठणाऱ्या भुतांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही आवृत्ती पटायला जड जाऊ नये.

आज वात महाबुत या विहाराच्या आवारात नाकचं देऊळ आहे. तिथे तिच्या मूर्तीला नवे पोशाख, सौंदर्यप्रसाधनं आणि बाळासाठी खेळणी वाहतात, तिच्यासाठी टीव्ही लावून ठेवतात. सैन्यभरतीची चिठ्ठी आपल्या नावानं निघू नये म्हणून तरुण पोरं तिला साकडं घालतात, कारण भरतीनंच तिचा नवरा नेला होता. तिच्यावर डझनावारी चित्रपट निघाले. १९९९ सालच्या ‘नांग नाक’नं प्रेक्षकांना रडवलं आणि २०१३ सालच्या ‘पी माक’नं हसवलं. भुताचा देव होणं आपल्यालाही नवं नाही. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा हा मुळात भुतांचा राजा वेताळच. नवस फेडायला लोक त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. पण आपल्या अळवंतीला असं देऊळ मिळालं नाही. मराठीत तिच्या वळणाचं काही आलं ते विशाल फुरिया यांच्या २०१७ सालच्या ‘लपाछपी’त. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि जन्मू न दिलेल्या मुलींचा हिशेब, असा तो सिनेमा. त्याचा पुढे हिंदीत ‘छोरी’ झाला.

मृत्यूचा आकडा आता उतरला आहे. जंतुनाशकं आली, १९३० च्या दशकात सल्फाची औषधं आली, मग पेनिसिलीन, रक्तपेढ्या, दवाखान्यातली बाळंतपणं. २०१८-२० च्या नोंदींनुसार भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ आया दगावल्या, महाराष्ट्रात ३३. बाळंतपणातल्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मान्य केलं. तरी जगभरात २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार बाया गरोदरपणाच्या आणि बाळंतपणाच्या कारणांनी गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक वाचवता आल्या असत्या.

भूत मात्र एका जागी अजून टिकून आहे. दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तीव्र मानसिक आजार होतो. सुरुवात बहुधा झोप उडण्यानं होते. मग बाई असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, हे बाळ माझं नाही म्हणते, कधी त्याच्या जिवावर उठते. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि भगताकडे किंवा देवऋषाकडे नेतात. मुदत पुन्हा तीच, बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस. हा आजार औषधांनी बरा होतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग २००९ पासून चालू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी बाळंतीण असेल आणि ती सलग दोन रात्री झोपली नाही, भलतंच बोलू लागली, तर तिला बाळासोबत एकटं ठेवू नका आणि अंगाऱ्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा खासगी, जवळ असेल त्या दवाखान्यात न्या. ताप, झटके किंवा रक्तस्राव असेल तर लगेच १०८ ला फोन करा. मानसिक आजाराबद्दल सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.